चेर्नी मास्तर : बीथोव्हनचा शिष्य, लिस्टचा गुरू



तुमच्या घरी, नाहीतर शेजारीपाजारी, एखादं मूल पियानो शिकत असेल तर त्याच्या पिशवीत डोकावून बघा. एक पातळसं पुस्तक बहुधा सापडेल. आत गाणं नाही, चित्र नाही, नुसते काळ्या ठिपक्यांचे चढउतार. वर नाव असतं 'चेर्नी'. मुलाला विचारलंत तर ते तोंड वाकडं करील. पेटीच्या वर्गात 'आज पलटे' म्हटल्यावर आपली मुलं करतात ना, अगदी तसंच. जगभरातल्या मुलांच्या दृष्टीने चेर्नी हा माणूस नाहीच, ती एक शिक्षा आहे.

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग या माणसाच्या आठवणी आणि त्याला आलेली काही पत्रं वाचनात आली आणि माझं मत पार बदललं. आजचा पाठ त्याच्यावर आहे. पियानोशी तुमचा काही संबंध नसला तरी वाचा, कारण यातला खरा प्रश्न पियानोचा नाहीच. मूल चुकलं की त्याला कधी थांबवायचं आणि कधी थांबवायचं नाही, हा तो प्रश्न. तो आपल्या सगळ्यांच्या वर्गात रोज उभा राहतो.

कार्ल चेर्नीचा जन्म 21 फेब्रुवारी 1791 चा, व्हिएन्नातला. घराणं मूळचं चेक. वडील वेन्झेल पियानोच्या शिकवण्या करत आणि पियानो दुरुस्तही करत. म्हणजे तसं बेताचंच घर. भावंडं नाहीत. तिसऱ्या वर्षी पोराची बोटं पियानोवर पडली, आणि दहाव्या वर्षापर्यंत मोझार्ट, क्लेमेंटी यांच्या रचना तो सफाईने वाजवू लागला. पहिला गुरू अर्थातच बाप.

घरी येणाऱ्यांत क्रुम्फोल्झ नावाचे एक व्हायोलिनवादक होते. बीथोव्हनचे निस्सीम चाहते. बीथोव्हनचं काही नवीन छापून आलं की ते या मुलाला दाखवायचे, त्याच्याकडून बसवून घ्यायचे. शेवटी त्यांनीच बापलेकांना बीथोव्हनकडे नेलं. हिवाळ्याचे दिवस, पाच-सहा मजले चढून जायचं. बीथोव्हन तेव्हा तिशीचा. चेर्नीने त्या खोलीचं जे वर्णन केलंय ते वाचताना हसू येतं. सगळीकडे कागद आणि कपडे पसरलेले, भिंती उघड्या, धड बसायला खुर्ची मिळेल याची खात्री नाही. बीथोव्हनच्या अंगावर जाड केसाळ कापडाचा करडा कोट, दाढी वाढलेली, काळे केस पिंजारलेले. पोराने नुकतीच रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट वाचलेली होती, त्याला वाटलं हा तोच! आणखी एक गोष्ट त्या दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून सुटली नाही. बीथोव्हनच्या कानांत कापसाचे बोळे होते, कसल्याशा पिवळ्या औषधात भिजवलेले. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते आपल्याला माहीत आहे, त्या मुलाला नव्हतं.

मुलगा मोझार्टचा एक कन्चेर्टो वाजवायला बसला. कन्चेर्टो म्हणजे एकटं वाद्य आणि सोबत सगळा वाद्यवृंद. इथे वाद्यवृंद कुठला! तर ज्या जागी पियानोला नुसती साथ होती आणि मुख्य सुरावट वाद्यवृंदाकडे, तिथे बीथोव्हन जवळ सरकला आणि डाव्या हाताने ती सुरावट स्वतः वाजवू लागला. घाबरलेल्या मुलाला धीर द्यायची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. शब्दाने 'घाबरू नकोस' म्हटलं नाही, शेजारी येऊन हात लावला. नंतर मुलाने बीथोव्हनचाच 'पाथेटिक' सोनाटा वाजवला. संपल्यावर बीथोव्हन वडिलांकडे वळून म्हणाला, याला मी शिकवीन, आठवड्यातून काही वेळा पाठवत जा. आणि फिलिप इमॅन्युएल बाख यांचा वादनावरचा ग्रंथ घेऊन द्या, येताना तो सोबत आणू दे.

आता पहिले धडे कशाचे असतील? एवढा मोठा रचनाकार, एवढा हुशार मुलगा. पहिले काही धडे फक्त सप्तकांचे! सगळ्या पट्ट्यांमधले आरोह-अवरोह, हाताची ठेवण, बोटांची जागा आणि मुख्य म्हणजे अंगठा. पेटी शिकलेल्यांच्या हे लगेच लक्षात येईल. बोटं पाच आणि सूर आठ. मग तिसऱ्या सुरानंतर मधल्या बोटाखालून अंगठा आत घ्यायचा, म्हणजे हात न अडखळता पुढे जातो. त्या काळी बरेच वादक अंगठा जवळजवळ वापरतच नसत. त्यानंतर बीथोव्हनने भर दिला तो सूर जोडून वाजवण्यावर, एकातून दुसरा निघाला असं वाटलं पाहिजे.

हे शिक्षण फार वर्षं चाललं नाही. एक कारण बीथोव्हनचं लेखन. काम रंगात आलं की शिकवणी राहायची. दुसरं कारण मला जास्त लागलं. मुलाला एकट्याला पाठवता येत नसे, बापाने सोबत जायचं तर त्याच्या स्वतःच्या शिकवण्या बुडायच्या, आणि शिकवण्या बुडाल्या की घरात पैसा नाही. एका मुलाला क्लासला सोडण्यासाठी अर्धा दिवस खर्ची घालणारे पालक आजही आपल्यात आहेत. त्यांना हे समजावून सांगायला नको.

चेर्नी उत्तम वाजवायचा. बीथोव्हनच्या पियानोच्या रचना त्याला तोंडपाठ होत्या, आणि पाचव्या पियानो कन्चेर्टोचं व्हिएन्नातलं पहिलं वादन 1812 मध्ये त्यानेच केलं. 1805 मध्ये दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, बीथोव्हनने शिफारसपत्रही लिहून दिलं. पण युरोपात युद्ध पेटलं आणि बेत बारगळला. पुढे त्याने तो नाद सोडूनच दिला. आईवडील थकत चाललेले आणि लोकांना दिपवण्यासाठी लागणारी दिखाऊ चमक आपल्या वादनात नाही, असं त्याने स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहून ठेवलंय. पंधराव्या वर्षी तो शिकवू लागला. पुढे कित्येक वर्षं रोज सकाळी आठ ते रात्री आठ, दिवसाला दहा-बारा शिकवण्या. स्वतःचं लेखन करायचं ते त्यानंतर, रात्री.

दिवसाला दहा-बारा विद्यार्थी! आपण सहा तासिका घेऊन घरी आल्यावर कसे सोफ्यावर पडतो ते आठवा.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्या प्रश्नाकडे येतो.

1816 सालची गोष्ट. पियानो आणि चार फुंकवाद्यांसाठी लिहिलेली बीथोव्हनची एक रचना चेर्नी इतरांबरोबर वाजवत होता. वय पंचवीस, बोटं तयार, आणि तरुणपणीचा उत्साह. त्याने मूळ रचनेत स्वतःच्या पदरच्या हरकती घातल्या, काही जागा अवघड करून वाजवल्या, काही वरच्या सप्तकात नेल्या. बीथोव्हन तिथेच होता. तो सगळ्यांदेखत, सहवादकांसमोर, चेर्नीवर भडकला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. चारचौघांत ओरडा खाल्लेला विद्यार्थी आपण पाहिलाय, तो ओरडा घातलेलाही असतो कधी कधी. पण दुसऱ्या दिवशी बीथोव्हनची चिठ्ठी आली. आशय असा : काल माझा तोल गेला, नंतर मला फार वाईट वाटलं, पण आपली रचना जशी लिहिली तशीच ऐकावी असं रचनाकाराला वाटतं, एवढं समजून घे, बाकी तू वाजवलंस छानच. आणि पुढच्या वेळी सगळ्यांसमोरच मी याची भरपाई करीन असंही त्यात होतं.

नीट बघा, त्याने चूक मागे घेतली नाही. हरकती घालायच्या नाहीत हे म्हणणं कायम. मागे घेतली ती फक्त ओरडण्याची पद्धत. आणि चेर्नी लिहितो की स्वतःच्या पदरचे बदल करण्याची माझी खोड मोडली ती या चिठ्ठीने. ओरड्याने नव्हे हो, चिठ्ठीने. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाला मी वर्गासमोर असंच बोललो होतो. तो नंतर वर्षभर माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसला. चिठ्ठी लिहिण्याचं मला सुचलं नाही.

याच सुमारास बीथोव्हनने आपला पुतण्या कार्ल याला चेर्नीकडे शिकायला घातलं. म्हणजे गुरूच आता पालक झाला! आणि पालक म्हणून त्याने चेर्नीला जे पत्र लिहिलं, ते प्रत्येक शिक्षकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावं असं आहे. मी माझ्या शब्दांत सांगतो. मुलाशी होईल तितक्या धीराने घ्या, मनासारखं घडलं नाही तरी. नाहीतर तो आहे तेवढंही करणार नाही, कारण त्याच्या तासांची आखणी वाईट आहे आणि तो आधीच ताणलेला आहे (हे मात्र त्याला कळू देऊ नका). प्रेमाने वागा, पण गांभीर्य सोडू नका. आधी बोटं बरोबर पडू देत, ताल सांभाळता येऊ दे, सूर बऱ्यापैकी अचूक येऊ देत. तेवढं झालं की मग भावाकडे वळवा. आणि त्यानंतर छोट्या छोट्या चुकांसाठी मध्येच थांबवू नका. तुकडा पूर्ण वाजवू द्या, संपल्यावर चुका दाखवा. मी फारसं शिकवलेलं नाही, पण नेहमी असंच केलं. याने संगीतकार लवकर तयार होतात आणि गुरू-शिष्य दोघेही कमी थकतात.

यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. 'चुका काढूच नका' असं तो म्हणत नाही. पाया पक्का होईपर्यंत बोट चुकलं की सांगायचंच, नाहीतर चुकीचं बोट हातात बसतं. पण एकदा मूल वाक्य बोलू लागलं की वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. आपण प्रकट वाचन घेताना नेमकं उलटं करतो. मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणालं की तिथेच तोडतो. तीन वेळा तोडलं की मूल अर्थाकडे बघतच नाही, आपल्या तोंडाकडे बघत वाचतं. मागच्या वर्षी मी माझ्या पाचवीच्या वर्गात ठरवून पूर्ण उतारा वाचू दिला, चुका वहीत टिपल्या आणि शेवटी त्यातल्या दोनच सांगितल्या. पहिल्या आठवड्यात माझंच तोंड आवरत नव्हतं. हे अवघड जातं ते आपल्याला, मुलांना नाही.

त्याच पत्रात एक गंमत आहे. बोटं मोजकीच वापरून एकेक सूर मोत्यासारखा सुटा वाजवण्याची तेव्हा फॅशन होती. बीथोव्हन म्हणतो, मोती छानच, पण माणसाला कधीतरी दुसरा दागिनाही हवासा वाटतो की!

आता लिस्ट. फ्रान्झ लिस्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकातला बहुधा सगळ्यात गाजलेला पियानोवादक. 1819 मध्ये हंगेरीकडच्या एका जमीनदारीत नोकरी करणारा एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला घेऊन चेर्नीच्या दारात आला. फिकुटलेला, आजारी दिसणारा पोर. वाजवताना दारू प्यायल्यासारखा इतका डुलत होता की स्टुलावरून पडतो की काय असं वाटावं. बोटं कुठेही पडत होती, वाजवणं विस्कळीत, शिस्त नावाला नाही. आणि तरी चेर्नी थक्क झाला. समोर ठेवलेला कागद मुलाने तिथल्या तिथे वाचून वाजवला, दिलेल्या सुरावटीवर स्वतःच्या मनाने रचत गेला. शिकलेलं काही नव्हतं, होतं ते सगळं जन्माबरोबर आलेलं.

हे कुटुंब पुढे 1822 मध्ये व्हिएन्नाला राहायला आलं आणि शिकवणी सुरू झाली. दिवसभर वेळ नसल्याने चेर्नी त्याला जवळजवळ रोज संध्याकाळी शिकवायचा. बारा तास शिकवून झाल्यावर! थोड्याच धड्यांनंतर त्याने फी घेणं बंद केलं. मुलगा घरातलाच होऊन गेला, चेर्नीचे म्हातारे आईवडील त्याच्यावर नातवासारखी माया करत.

आणि शिकवलं काय? पुन्हा सप्तकंच. बीथोव्हनने दिलेला पहिला धडा वीस वर्षांनी पुढच्या हातात गेला. मग क्लेमेंटीचे सोनाटे, ताल आणि सुराचा दर्जा पक्का करण्यासाठी. मुलाला ते मुळीच आवडले नाहीत, त्याला अवघड आणि झगमगीत काहीतरी हवं होतं. चेर्नी हटला नाही. पण त्याने दुसरी एक गोष्ट केली ती लक्षात घ्या. प्रत्येक रचना तो मुलाकडून भराभर बसवून घ्यायचा, एकावरच महिना काढायचा नाही. त्यामुळे मुलाची नजर तयार झाली आणि काहीही समोर ठेवलं तरी तो वाचून वाजवू लागला. इतका तळमळीचा, हुशार आणि कष्टाळू विद्यार्थी आपल्याला दुसरा मिळाला नाही, असं चेर्नीने लिहिलंय.

पण हे सुख दीडेक वर्षच टिकलं. 1823 च्या शरद ऋतूत वडील मुलाला घेऊन पॅरिसकडे निघाले, वाटेत मैफली करत. चेर्नीने याबद्दल आपली खंत लपवलेली नाही. मुलाची शिकण्याची सर्वात उत्तम वेळ होती, रचनेचे धडे नुकतेच सुरू झाले होते, आणि वडिलांना त्याच्यापासून पैसा हवा होता, असं तो म्हणतो. बापाचीही बाजू असणार. तो नोकरी सोडून मुलासाठी परक्या शहरात आलेला, पोट कशावर भरायचं? तरीही टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत नऊ-दहा वर्षांची मुलं लाखो लोकांसमोर उभी राहतात तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. चौदा वर्षांनी, 1837 मध्ये, चेर्नी पॅरिसला गेला आणि त्याने लिस्टचं वादन पुन्हा ऐकलं. बोटांची ताकद अफाट, पण वाजवणं बरंचसं रानटी आणि गोंधळाचं वाटलं. त्याने ते स्पष्ट सांगितलं आणि युरोपभर फिरायचा सल्लाही दिला. नातं मात्र तुटलं नाही. त्याच वर्षी सहा रचनाकारांनी मिळून एकाच सुरावटीवर एक रचना केली, त्यात लिस्ट, शोपँ यांच्या जोडीला चेर्नीचंही नाव आहे.

मग ती कंटाळवाणी पुस्तकं? त्याच्या रचनांचे क्रमांक 861 पर्यंत जातात, त्यातली सगळीच काही स्वाध्यायाची नाहीत. पण जी आहेत ती या दहा-बारा तासांच्या दिवसांमधून आलेली. रोज बारा वेगवेगळे हात समोर येतात. कुणाचा अंगठा जड, कुणाचं चौथं बोट उचलत नाही, कुणाचा डावा हात मागे पडतो. प्रत्येकासाठी एक छोटा तुकडा लिहायचा. ऑपस 599 अगदी नवख्यांसाठी, ऑपस 299 मध्ये वेगाचे चाळीस स्वाध्याय, ऑपस 740 तयार हातांसाठी. ते औषधासारखे आहेत, दुखणं बघून द्यायचे. आपल्याकडे काय होतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्या मुलांना सगळे! मग मुलं तोंड वाकडी करणार नाहीत तर काय? याच माणसाने गावाकडे राहणाऱ्या एका कल्पित मुलीला पत्रं लिहून वादन समजावणारं एक छोटं पुस्तकही केलंय, त्याचा सूर किती प्रेमळ आहे ते पाहिलं की स्वाध्यायांचा लेखक हाच का असा प्रश्न पडतो. शोपँ 1829 मध्ये त्याला भेटला तेव्हा त्यालाही असंच वाटलं, की माणूस त्याच्या रचनांपेक्षा जास्त हळवा आहे.

त्याची थट्टा पुढे बरीच झाली. द्यब्युसीने 1915 मध्ये आपल्या पहिल्याच एत्यूडला 'मस्यू चेर्नी'चं नाव देऊन पाच बोटांच्या धड्याची गंमत केली. उलट स्ट्राविन्स्की मैफलीसाठी हात तयार करताना चेर्नीच वाजवायचा, आणि शिक्षकापेक्षाही त्याच्यातला संगीतकार आपल्याला जास्त भावतो असं म्हणायचा. घराणं म्हणाल तर ते अजून चालू आहे. चेर्नीचा आणखी एक शिष्य लेशेटित्स्की, तोही पुढे शिक्षकच झाला. त्याच्याकडे पॅडेरेव्स्की शिकला, जो 1919 मध्ये पोलंडचा पंतप्रधान झाला, आणि आर्टुर श्नाबेलही शिकला. श्नाबेलकडे नवव्या वर्षी आलेला लिऑन फ्लायशर 2020 पर्यंत आपल्यात होता. बीथोव्हनपासून मोजा, मध्ये माणसं किती? तीनच.

चेर्नीने लग्न केलं नाही. आईवडील असेपर्यंत त्यांच्याजवळ राहिला, घरात मांजरं भरपूर. 1836 मध्ये शिकवण्या थांबवल्या, नंतर फक्त मोजकी मुलं. 15 जुलै 1857 ला तो गेला. कमावलेला पैसा त्याने धर्मादाय संस्थांना, व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाला आणि घर सांभाळणाऱ्या बाईला ठेवला. त्या संस्थांमध्ये बहिऱ्या लोकांसाठी काम करणारी एक संस्था होती. तो कापसाचा बोळा, दहा वर्षांच्या मुलाने पाहिलेला, मला इथे पुन्हा आठवतो.

आणि लिस्ट? क्लेमेंटीला कंटाळणारा हा मुलगा उतारवयात वायमारला दूरदूरहून येणाऱ्या तरुण वादकांना शिकवत असे. फी घेत नसे. त्याने पंधराव्या वर्षी बारा स्वाध्याय लिहिले होते, ते पुढे दोनदा नव्याने लिहून काढले. 1852 मध्ये त्यांचं शेवटचं रूप छापलं गेलं. पियानोसाठी लिहिलेल्या सर्वात अवघड रचनांमध्ये ते आजही गणले जातात. अर्पणपत्रिकेत नाव आहे कार्ल चेर्नीचं, आणि खाली लिस्टने आपली ओळख लिहिली आहे : त्यांचा विद्यार्थी.